सातव्या भागाचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना सहावा भाग आहे. हसू नका. पहिला भाग असतो तर सगळ्यांनी मला आधी हातात घेतलं असतं. शेवटचा असतो तर मला कोणी जपून ठेवलं असतं. सहाव्याच्या नशिबी यातलं काही नसतं. पाच भाग वाचून दमलेला माणूस त्याच्याकडे येतो आणि तोही घाईत असतो, कारण त्याचा डोळा सातव्यावर असतो. लग्नात मधल्या भावाला जेवढं विचारतात तेवढंच आम्हाला विचारतात.

माझं पूर्ण नाव 'धुक्यापलीकडचं बेट, भाग सहावा'. पुण्यातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जुळाऱ्यांनी शिशाचे खिळे एकेक करून लावले, यंत्राने मला दाबलं, एका बाईने सुईदोऱ्याने माझी पानं शिवली आणि पाठीला खळ लावली. त्या खळीत मोरचूद घातलेलं होतं, म्हणून मी अजून शिल्लक आहे. पाचव्या भागाच्या वेळी ते बहुतेक कमी पडलं असावं, कारण बिचाऱ्याची पाठ कसरीने खाल्ली. माझ्या पुठ्ठ्यावर एक शिडाची होडी आणि पांढरं धुकं छापलेलं होतं. आता होडी फिकी झाली आहे आणि धुकं पिवळं पडलं आहे.

आम्हा भागांची एक अडचण तुम्हाला सांगून ठेवतो. मला माझ्या पोटात जेवढं छापलं आहे तेवढंच ठाऊक आहे. आधीच्या पाच भागांतलं मी लोकांच्या तोंडून ऐकलं. सातव्यात काय आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझी शेवटची ओळ अशी आहे: 'तरंगाने सुकाणू घट्ट धरलं आणि होडी धुक्यात शिरली.' त्याच्यापुढे माझ्याकडे कोरं पान आहे.

आम्ही सात भाऊ एका खोक्यातून कोल्हापूरमार्गे फोंडाघाट उतरून तारकर्लीला आलो. तारकर्लीच्याच एका गृहस्थाने मुंबईत चार पैसे मिळवले होते, त्याने गावच्या वाचनालयाला आम्हाला भेट दिलं. वाचनालय कसलं, शाळेशेजारची एक खोली होती. एक जाळीचं कपाट, एक टेबल आणि बाहेर माडांची रांग. समुद्राचं खारं वारं रात्रंदिवस आत यायचं आणि आमची पानं फुगायची. तिथे एक म्हातारे मास्तर बसत. मोठ्या माणसांची नावं ते वहीत लिहीत, पोरांना मात्र पुस्तक तोंडी देत. पोरं कुठे पळून जाणार आहेत, असं ते म्हणायचे.

आम्हाला सगळ्यांत जास्त कोणी वाचलं असेल तर सत्यवानाने. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की पायाला वाळू तशीच घेऊन यायचा. सातही भाग त्याने वाचले आणि पुन्हा वाचायला घेतले. एके दिवशी सातवा भाग त्याने पुन्हा नेला, आणि त्याच आठवड्यात त्याला मुंबईला नोकरी लागल्याची बातमी आली. तो गेला. त्या पावसाळ्यात मास्तरही वारले. माझ्या उजव्या बाजूची जागा रिकामी राहिली आणि मी तिकडे कलंडलो. कोणी नेलं ते मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण. पुस्तक उघडल्याशिवाय बोलत नाही, आणि उघडलं तरी छापलेलंच बोलतं.

त्यानंतर मास्तरांच्या जागी दाजी आले. दाजींचे गुडघे दुखायचे आणि शिस्त फार कडक होती. वाडीत ते सगळ्यांसारखं मालवणी बोलत, पण टेबलामागे बसले की पुस्तकी मराठी सुरू. त्यांच्याच खोलीत संध्याकाळी मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरू लागला. त्या वर्गाला सुभद्रा यायची.

सुभद्रा म्हणजे सत्यवानाची आई. नवरा तिचा केव्हाच गेलेला. ती किनाऱ्यावर मासळी घ्यायची आणि डोक्यावर टोपली घेऊन मालवणच्या बाजारात विकायची. तोंडाची फटकळ. 'मेल्या' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे, आणि ज्याच्यावर तिचा जीव त्याला शिव्या जास्त. तिला अक्षर यायचं नाही. सत्यवानाचं पत्र आलं की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे आणि तिच्या आधी ते सगळ्या वाडीला कळे. याचा तिला राग होता. म्हणून भाजी-भाकरी लवकर उरकून ती पाटी घेऊन बसू लागली. चाळिशी उलटल्यावर अ आ शिकताना तिला लाज वाटली नाही. मला तरी तसं दिसलं नाही.

अक्षरं जुळू लागली तशी एका संध्याकाळी ती कपाटासमोर येऊन उभी राहिली.

"दाजी, माझो झील हयसर काय वाचीत होतो? ता माका होया."

दाजींनी पहिला भाग काढून तिच्या हातात ठेवला. "हे घ्या. जपून वापरा. मासळीचा हात लावू नका."

"माझ्या हाताक दुसरो वास नायच," ती म्हणाली आणि पुस्तक पदरात गुंडाळून घेऊन गेली.

पहिला भाग तिला फार दिवस पुरला, असं वर्गाला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून मला कळायचं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायची. दुसऱ्या भागात मात्र तिला तरंगा भेटली आणि मग तिचा वेग वाढला. तुम्हाला तरंगा कोण ते सांगायला हवं. आमची गोष्ट खरं म्हणजे राजपुत्र उदयसेनाची आहे. त्याची सावली धुक्याच्या राणीने चोरून नेलेली असते आणि तो ती शोधायला निघतो. सगळी पोरं उदयसेनावर खूश असत. तरंगा ही त्या गोष्टीतली एक साधी बाई. फाटक्या शिडाची होडी चालवते, कोणाला भीत नाही, राजपुत्रालाही फटकारते. लेखकाने तिला बहुधा वाट दाखवण्यापुरतं आणलं असावं, पण एकदा आली ती गेलीच नाही.

सुभद्रा तिच्यावर भाळली. कारण सांगतो. आमच्या किनाऱ्यावर बाईने मासेमारीच्या होडीत पाय ठेवायचा नसतो. होडी येईपर्यंत वाळूत उभं राहायचं, येईल ती मासळी घ्यायची, न येईल त्या होडीसाठी रडायचं. सुभद्राने जन्मभर होडीला हात लावला होता तो वाळूवर ओढताना, तोही बाहेरून. आणि इथे एक बाई खुशाल सुकाणूवर उभी होती.

"गो पार्वती," किनाऱ्यावर बसल्या बसल्या ती आपल्या मैत्रिणीला सांगायची, "तरंगान राजाक काय म्हटल्यान म्हायत आसा? म्हणता कशी, होडी माझी, दर्या माझो, तुया गप बस."

पार्वतीला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला ती सगळ्यांत पुढे. तिला दुसऱ्या भागातला बोलणारा मासा आवडायचा. "तसलो मासो आमका गावलो तर इकूचो कसो? तोच गिऱ्हाईकाबरोबर भाव करतलो," असं म्हणून ती हसवायची. होड्यांची वाट बघणाऱ्या बायका मग सुभद्राभोवती जमू लागल्या. सुभद्रा अडखळत वाचायची आणि चुकली की स्वतःलाच शिवी द्यायची.

एकदा दोघी भाग बदलायला आल्या तेव्हा मी ऐकलं, ती पार्वतीला म्हणत होती, "माझो पोर लहानपणी ह्याच सगळा माका सांगूक येय. आये, तरंगान आज काय केल्यान आयक. आनी मी म्हणी होतंय, मेल्या, आधी बांगडे उन्हात घाल. एक दीस आयकलंय नाय गो."

आता ती त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहू लागली. अक्षर मोठं आणि वाकडं, सगळी पत्रं तरंगाबद्दल. तोही तसंच लिहायचा. तिसऱ्या भागात तरंगा रागावून निघून जाते तेव्हा सुभद्राने त्याला विचारलं, परत येता काय? त्याने लिहिलं, वाच आये, मी सांगूचंय नाय. पत्र वाचून ती एकटीच हसत बसली. मुंबईला गेलेला मुलगा तिला तरंगाच्या वाटेने परत भेटत होता.

मग माझी पाळी आली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कोणी धावत आलेलं मी पाहिलं नव्हतं. ती पाचवा परत करून त्याच पावली मला घेऊन गेली. माझ्या पानांत उदयसेन धुक्यात सापडतो, सगळे सोबती त्याला सोडून पळतात, आणि तरंगा एकटी त्याला आणायला निघते. तो तिचा कोणी नव्हे. ती वाट ठाऊक असून निघते आणि धुक्यातून आजवर कोणी परत आलेलं नाही हेही तिला ठाऊक असतं. सुभद्राने ते वाळूत बसून मोठ्याने वाचलं. शेवटची ओळ आली, होडी धुक्यात शिरली, आणि तिने पान उलटलं तर पुढे काही नव्हतं.

"फुडे?" पार्वतीने विचारलं.

"फुडे सातवो," सुभद्रा म्हणाली आणि उठलीच. मासळीची टोपली तिथेच पार्वतीवर सोपवून ती मला घेऊन वाचनालयात आली.

दाजींनी मान हलवली. "सातवा भाग नाही. मास्तरांच्या वेळी कोणीतरी नेला, तो परत आला नाही. मी बऱ्याच घरी विचारून पाहिलं."

"कोणी व्हेल्यान?"

"लिहिलेलं असतं तर मी दारात जाऊन बसलो असतो. छापणारा आता छापत नाही. पुण्याला लिहूनही उपयोग झाला नाही."

ती कपाटातल्या सातव्याच्या रिकाम्या जागेसमोर जाऊन उभी राहिली. मग दाजींना म्हणाली, "ह्यो सहावो माझ्याकडेच रवांदे. तरंगाक अशी धुक्यात टाकून मी काय परत देवचंय नाय." दाजी शिस्तीचे खरे, पण त्यांनी वहीत काहीतरी खरडलं आणि हो म्हणाले.

तारकर्लीहून मालवणला जाताना वाटेत रवळनाथाची एक लहानशी घुमटी आहे. मासळीवाल्या बायका तिथे टोपल्या उतरून घटकाभर बसतात. आमच्या भागात गाऱ्हाणं घालायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवळात ते मानकऱ्याचं काम. पण त्या दिवशी बाजार चांगला झाला होता, बायका खुशीत होत्या, आणि मी सुभद्राच्या टोपलीत वर फडक्यात गुंडाळलेला होतो. ती घुमटीसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि मानकऱ्याचा आवाज काढून तिने सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बायका हसत म्हणाल्या.

"आज तुझ्या लेकरांक एक अडचण इलेली आसा, ती तुझ्या कानार घालूक आमी हयसर इलंव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमची तरंगा धुक्यात अडाकली आसा, आनी तिचो सातवो भाग कोणीतरी दडवून ठेवल्यान आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तो जयसून गेलो तयसर परत येवंदे, माझ्या हातात पडांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी ज्या हातान तो गावाभायर गेलो, तो हात रितो रवांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी सगळ्यांत मोठा आवाज पार्वतीचा होता. मग पोट धरून त्या हसल्या आणि टोपल्या उचलून चालू लागल्या.

त्या हसण्यात एक मीच सामील नव्हतो, मित्रांनो. थांब गो बाय, असं मला फार वाटलं. तो हात कोणाचा ते मला माहीत आहे, असं मी समजत होतो. पण तेव्हा मलाही पुरतं माहीत नव्हतं.

मुंबईला पाठवलेल्या पत्रात तिने सातवा भाग नसल्याचं लिहिलं, गाऱ्हाण्याचं लिहिलं नाही. उत्तर लवकर आलं. तिने ते दारातच वाचलं, मग पार्वतीला वाचून दाखवलं, मग मलाच जवळ घेऊन पुन्हा वाचलं. 'आये, गणपतीक येतंय तेवा सातवो भाग घेऊन येतंय. खंयसून हाडलंय ता इचारू नको. तू वाच आनी मी तुझ्या समोर बसान बघतंय.' त्या दिवसापासून ती हवेत होती. बाजारात भाव करतानासुद्धा कमी भांडायची. कोनाड्यातून मला काढायची, शेवटचं पान उघडून तरंगाला सांगायची, "जरा कळ काढ गो. येता तो."

आषाढात मुसळधार पाऊस लागला. आगबोट पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे मुंबईहून येणारा माणूस एस. टी.ने घाटावरून येतो. एका दुपारी गुणाजी असाच आला. गुणाजी वाडीतलाच, मुंबईत सत्यवानाच्या खोलीवर राहणारा. डोक्यावर ट्रंक होती. ट्रंक सत्यवानाची होती आणि तो एकटाच होता.

तो दारात उभा राहिला. पाणी त्याच्या अंगावरून गळत होतं.

"काकी," तो म्हणाला.

"ट्रंक खाली ठेव," सुभद्रा म्हणाली. "भिजली आसा."

सत्यवानाला विषमज्वर झाला होता. खोलीवरच्या मुलांनी आळीपाळीने उशाशी बसून दिवस काढले, इस्पितळात नेलं, गुणाजीने नोकरीवर खाडे केले. तार केली होती, ती पावसात कुठेतरी अडकली. अग्नी गुणाजीने दिला. हे सगळं तो सांगत होता आणि सुभद्रा त्या ट्रंकेचं पाणी पदराने पुसत होती. ट्रंक पूर्ण कोरडी झाली तरी ती पुसत होती. पार्वतीने येऊन तिचा हात धरला तेव्हा ती थांबली.

तेरावा झाल्यावर तिने ट्रंक उघडली. मी कोनाड्यात होतो, मला सगळं दिसत होतं. वर दोन शर्ट होते. तिने पाठवलेला लाडवांचा डबा होता, रिकामा, घासून ठेवलेला, पुन्हा भरून न्यायचा म्हणून. गणपतीसाठी तिला घेतलेलं नवं लुगडं होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. आणि सगळ्यांत तळाशी हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं.

तो तुकडा पाहिला मात्र, ती जागच्या जागी बसली. गाठसुद्धा तिने अजून सोडली नव्हती.

"पार्वती," ती म्हणाली, "ह्या लुगडा माझा."

"आसतला. पोराक दिलं असशीत."

"नाय गो. मीच बांधलंय ह्या. तो मुंबयक जाय होतो तेवा ट्रंक मी भरलंय. कुळथाचा पीठ घातलंय, सुके बांगडे घातलंय. खाटेवर एक पुस्तक होता. माका खंय वाचूक येय होता तेवा? माका वाटला, तेचाच आसतला. इसारतलो म्हणान लुगड्यात बांधून तळाक ठेवलंय. तेका सांगूकसुद्धा इसारलंय."

तिने गाठ सोडली. आत माझा भाऊ होता. सत्यवानाने त्याला नवीन खाकी कव्हर घातलं होतं, निघालेली पानं डिंकाने नीट चिकटवली होती. परत द्यायचं पुस्तक जसं करतात तसं सगळं केलं होतं. सुभद्राने पहिलं पान उघडलं. त्यावर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, माझ्यावर आहे तसाच. तिने बोट धरून, ओठ हलवत तो वाचला. वाचता येत नव्हतं तेव्हा तिने ते पुस्तक बांधलं होतं, आणि वाचायला शिकली म्हणून तिला हे कळलं. नसती शिकली तर कधीच कळलं नसतं.

तिने आपला उजवा हात पार्वतीपुढे धरला. तळहातावर खवल्यांनी पडलेले चरे होते, बाकी काही नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "रितो."

मित्रांनो, गाऱ्हाण्याने कोणाला ताप येत नाही. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, दाजींनी तर तिला घरी येऊन समजावलं. मुंबईत त्या पावसात कितीतरी लोकांना तोच ताप आला होता. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. मग म्हणायची, "पण तो भाग परत इलो ना? मी मागलंय तसोच इलो." दाजी गुडघे धरून उठायचे आणि परत जायचे. आणि मी तरी काय बोलणार. माझ्या पोटात राजपुत्र, राणी आणि धुकं एवढंच छापलेलं आहे. त्या बाईच्या उपयोगी पडेल अशी एकही ओळ माझ्यात नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

पाऊस थोडा उघडला तेव्हा तिने आम्हा दोघांना टोपलीत ठेवलं. मासळी नव्हती, आम्ही दोघेच. ती बाजाराच्या वाटेला लागली आणि घुमटीपाशी थांबली. बायका नेहमीसारख्या टोपल्या उतरून बसल्या होत्या. तिला पाहून त्या उठल्या. ती देवासमोर उभी राहिली. या वेळी तिने मानकऱ्याचा आवाज काढला नाही.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बायका हळू म्हणाल्या.

"सातवो भाग परत येवंदे म्हणान मी तुका सांगितलंय, तो इलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या हातात पडलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ज्या हातान तो गावाभायर गेलो, तो हात माझोच होतो, म्हाराजा."

कोणी काही म्हणालं नाही. एका बाईने पदर तोंडात धरला.

"तो तू रितो केलंस. माझ्याच तोंडान माझो झील गेलो, म्हाराजा."

मालवणी मुलखात गाऱ्हाण्याला एकच उत्तर असतं. आजे-पणजोबांपासून लोक तेच म्हणत आले. मागणारा मागतो आणि सगळे 'व्हय' म्हणतात. सुभद्रा देवाकडे बघत उभी होती, त्या 'व्हय'ची वाट बघत. तिला ते ऐकायचंच होतं, शिक्षा ऐकावी तसं. बायका खाली मान घालून उभ्या होत्या. मग पार्वती पुढे आली, सुभद्राच्या शेजारी उभी राहिली, आणि देवाला म्हणाली,

"नाय म्हाराजा."

सुभद्राने तिच्याकडे बघितलं.

"नाय म्हाराजा," पार्वती पुन्हा म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यान मी व्हय म्हटलंय. ता खोटा होता. नाय म्हाराजा." मग मागच्या बायकाही एकेक करून 'नाय म्हाराजा' म्हणू लागल्या. सुभद्रा तिथेच घुमटीच्या पायरीवर बसली आणि रडली. गुणाजी आला त्या दिवसापासून ती रडली नव्हती.

संध्याकाळी तिने आम्हाला दाजींच्या टेबलावर ठेवलं. "दोनय इले," ती म्हणाली. "लिवून घेवा."

दाजी त्या दिवशी पुस्तकी बोलले नाहीत. "सुभद्रा, सातवो वाच गो. वाचून मगे दी. तो तुझ्यासाठीच हाडी होतो."

"नको."

"तरंगाचा काय झाला ता तुका नको?"

ती सातव्यावरून हात फिरवत होती, सत्यवानाने घातलेल्या कव्हरावरून. "तो म्हणालो होतो, तू वाच, मी समोर बसान बघतंय. आता माझ्या समोर कोण बसतलो? आनी तरंगा धुक्यातून परत नाय इली तर? तितकां मी खंय सोसू. सहाव्यात ती अजून जिती आसा, दाजी. सुकाणू तिच्या हातात आसा. तितकांच माका रवांदे."

दाजींनी आम्हाला जाळीच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवलं. किती वर्षांनी माझ्या उजव्या अंगाला आधार मिळाला. माझ्या भावाच्या पोटात तरंगाचं काय झालं ते सगळं छापलेलं आहे. पुठ्ठ्याला पुठ्ठा लावून आम्ही उभे आहोत, तरी मला ते कळत नाही. पुस्तकं एकमेकांशी बोलत नाहीत. माणूस वाचेल तेव्हाच ती बोलतात.

त्यानंतर दरवर्षी गणपतीच्या सुमारास सुभद्रा यायची. मला न्यायची, होड्यांची वाट बघत वाळूत बसून वाचायची आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबायची. तिथे ती बराच वेळ बोट तसंच धरून ठेवी. मला परत आणलं की सातव्याच्या कव्हरावरची धूळ पदराने पुसायची आणि त्याला उघडायची नाही. कव्हर मळलं तरी ते बदलू द्यायची नाही. दोन गणपतींपूर्वी ती आली नाही. पार्वती आली होती, सुभद्रा गेली एवढंच दाजींना म्हणाली, आणि जाताना तिने पदराने सातवा पुसला. माझ्या शेवटच्या ओळीखाली बोटाचा एक तेलकट डाग आहे. त्याला अजून मासळीचा वास येतो आणि नवे वाचक नाक मुरडतात. मुरडोत बिचारे.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. माझी पानं आता जोरात उलटलीत तर तुटतील, म्हणून माझ्यासाठी तुमच्याकडे काही मागत नाही. एवढंच करा. तुमच्या घरी माळ्यावर, फळीवर, कुठल्या ट्रंकेच्या तळाशी दुसऱ्याचं एखादं पुस्तक राहिलं असेल, तर ते आजच नेऊन द्या. सुट्टीत देऊ, गणपतीला देऊ, असं म्हणू नका. कोणीतरी उशिरा वाचायला शिकलेलं असतं, कोणाला त्याची तरंगा उशिरा भेटलेली असते, आणि ते माणूस कपाटातल्या रिकाम्या जागेसमोर उभं असतं. कोण उभं आहे ते तुम्हाला तिथून दिसत नाही. कदाचित ती तुमचीच आई असेल.